तोलेगेन आगांचे दगड

"बाळ झोपलंय वाटतं?"

अकमारलने मान वर केली. खचाखच भरलेल्या बसमध्ये दांडीला लोंबकळत उभा असलेला एक तरुण वाकून तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होता. जाड लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं गाठोडं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"झोपलंय," ती म्हणाली. "उठवू नका."

"मुलगा की मुलगी?"

"कॉम्प्युटर."

तो हसणार तेवढ्यात बसचं चाक बर्फावर घसरलं. सगळी बस एका अंगाला कलली. अकमारलच्या मांडीवरून गाठोडं निसटलं... आणि त्या तरुणाने दांडी सोडून ते आधी पकडलं. स्वतः मात्र शेजारच्या म्हातारीच्या बटाट्यांच्या पिशवीवर बसला. म्हातारी त्याला जे काही बोलली, ते ऐकून अकमारलला कित्येक आठवड्यांनी खुदकन हसू आलं.

खाली अल्माटी दिसत नव्हती. डिसेंबरात ती दिसतच नाही. भट्ट्यांचा आणि गाड्यांचा धूर थंडीत अडकून शहरावर राखाडी गोधडीसारखा पसरतो, आणि बस डोंगर चढायला लागली की आपण त्या गोधडीतून डोकं बाहेर काढल्यासारखं वाटतं. त्या धुरामुळेच अकमारलचे वडील वरच्या उन्हाळी घरात हिवाळा काढत होते. खाली आणलं तर महिनाभरही टिकणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वर ठेवलं तर किती, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"पण कॉम्प्युटर का फिरवता?" त्या तरुणाने विचारलं. त्याचं नाव इलशात. एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायचा. आई-वडिलांची बाजारात लगमानची, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांची, खानावळ होती, त्यामुळे त्याच्या कोटाला लसणाचा वास होता.

"माझे वडील भूगर्भशास्त्रज्ञ. जन्मभर दगड गोळा केले. अर्धे खाली आमच्या फ्लॅटमध्ये, अर्धे वर. खालच्यांची यादी मी माझ्या कॉम्प्युटरवर लिहिते, वरच्यांची ते त्यांच्या. मग मी हा घेऊन वर जायचं, दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि कुणाकडे काय नवीन आहे ते बघून..."

"पेनड्राइव्ह नावाची एक वस्तू असते."

"होती. कुत्र्याने खाल्ली. तेव्हापासून माझ्या कोकेंचा, वडिलांचा, विश्वास उडाला."

"पेनड्राइव्हवरचा की कुत्र्यावरचा?"

ती पुन्हा हसली. उतरताना गाठोडं त्याच्याच खांद्यावर होतं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

*

तोलेगेन आगा खिडकीशी बसले होते. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं गुरगुरणारं यंत्र, आणि चारी भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर दगड. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा, दुसरं काही नाही.

"हा कोण, बोताम?" त्यांनी विचारलं. बोताम म्हणजे उंटाचं पिल्लू. एकतीस वर्षांच्या, औषधांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीला ते अजून तसंच हाक मारत.

"बसमध्ये भेटला, कोके. कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणतो."

"कळतं, की कळतं म्हणतो?" त्यांनी एक फिकट गुलाबी खडा पुढे केला. "चाट."

इलशातने अकमारलकडे पाहिलं. ती मुद्दाम चहाकडे वळली. त्याने जीभ लावली.

"खारट आहे, आगा."

"मीठच आहे ते. बहुतेक जण चाटत नाहीत. बस."

दुधाचा चहा आणि बाउरसाकचे तळलेले गोळे समोर आले. तोलेगेन आगांनी मग स्वतःच सांगितलं. दगडावर फक्त आकडा. तो कुठे सापडला, कुठल्या खडकात, किती खोल, ते सगळं कॉम्प्युटरच्या यादीत. वसंतात त्यांच्या जुन्या संस्थेचं संग्रहालय दगड न्यायला येणार होतं, पण जागेची नोंद असलेलेच. "जागा माहीत नसलेला दगड म्हणजे रस्त्यावरचा दगड. मीही घेतला नसता."

"मूळ वह्या असतील ना?"

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. "जाळल्या. देश नवा झाला तेव्हाचा तो हिवाळा... घरात उष्णता नाही, पगार नाही, ही पाळण्यात. आधी खुर्च्या जाळल्या, मग पुस्तकं. मग वह्या." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "आता जे आहे ते इथे. आणि इथलं तिकडे उतरवायचंय." बोट कॉम्प्युटरकडे वळलं. "इथलं संपायच्या आत."

*

पुढच्या रविवारी इलशात एक अँटेना घेऊन आला. छपरावर बसवला. आता दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना इंटरनेटवरून गाठणार होते, आणि एक छोटा प्रोग्राम दोन्हीकडच्या यादीची तारीख बघून नवी यादी जुनीच्या जागी ठेवणार होता.

"म्हणजे आता मला हे गाठोडं घेऊन यायला नको," अकमारल म्हणाली.

"नको."

"म्हणजे तुम्हालाही उचलायला यायला नको."

"ते... मी विचारात घेतलं नव्हतं." तो गंभीरपणे म्हणाला. "काढून टाकू का अँटेना?"

तो येतच राहिला. कधी डब्यातून लगमान आणायचा. सूप वेगळं, शेवया वेगळ्या, नाहीतर चढावर लगदा होतो. कधी नुसताच यायचा. खाली शहरात ती दुकान बंद करून निघाली की बसथांब्यावर धुरात एक उंच सावली दिसायची, आणि ती सावली खोकत म्हणायची, "इथून जात होतो..." ती म्हणायची, "रोज?" तो म्हणायचा, "हल्ली रोजच इथून जातो." केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. केव्हा, ते दोघांनाही आठवलं नसतं.

जानेवारीत मोठं बर्फ पडलं. वरची वीज सारखी जायला लागली. यंत्र बंद पडलं की अकमारल सिलिंडर जोडून द्यायची. आठवड्याचे चार दिवस ती आता वरच राहत होती. अँटेना बर्फाखाली गेला, इंटरनेट बंद झालं. तोलेगेन आगांना त्याचं काही नव्हतं. वीज आली की ते लिहायला बसायचे. श्वास कमी पडत होता, पण बोटं चालत होती. महिनाभर त्यांनी असं लिहिलं, की जेवायला बोलावलं तरी हाताने 'थांब' म्हणायचे.

फेब्रुवारीच्या एका रविवारी ऊन पडलं. इलशात शिडी लावून छपरावर चढला. अकमारल खाली शिडी धरून उभी.

"पडलो तर यादीत लिही," तो वरून ओरडला. "इलशात. सापडल्याची जागा, अकमारलच्या पायांशी."

"आकडा कुठे रंगवू?"

"कपाळावर!"

तो खाली आला तेव्हा त्याची बोटं निळी पडली होती. तिने काही न बोलता ती आपल्या शालीत ओढून घेतली. दोघं तशीच उभी राहिली... छपरावरून पाणी ठिबकत होतं. त्याचा श्वास तिच्या गालावर, आणि तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो बोलला नाही. तीही नाही. पण हात सोडवून घ्यायची घाई कुणालाच नव्हती.

आत आल्यावरही तिचा हात त्याच्या हातातच होता. दुसऱ्या हाताने त्याने वरचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला आणि प्रोग्राम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात साल चुकीचं दिसत होतं, कित्येक वर्षं मागचं. ते बघायला त्या घटकेला तिथे कुणी नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती आपल्या हाताकडे.

"झालं," तो म्हणाला.

खरंच झालं होतं.

*

चहानंतर तोलेगेन आगा लिहायला बसले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली. आवाजात काही नव्हतं. भीतीही नाही.

"अकमारल. यादीत माझे कारातावचे दगड दिसत नाहीत."

कारातावचे नव्हते. बल्खाशचे नव्हते. महिनाभराचं काहीच नव्हतं. यादी डिसेंबराच्या शेवटाला येऊन थांबली होती.

इलशात खुर्चीत बसला आणि किती वेळ उठला नाही. जुन्या कॉम्प्युटरची घड्याळाची छोटी बॅटरी मेली होती. वीज गेली की घड्याळ वर्षानुवर्षं मागे जायचं, आणि म्हाताऱ्याने त्या महिन्यात लिहिलेल्या यादीवर तीच जुनी तारीख पडली. प्रोग्रामने सांगितलेलं काम केलं. खालची डिसेंबरातली यादी त्याला नवी वाटली. ती त्याने आणून वरच्या यादीवर ठेवली. पुसलेलं परत काढायचे जेवढे उपाय त्याला ठाऊक होते तेवढे त्याने केले. तुकडे निघाले. अर्धे शब्द, जागेवाचून आकडे.

अकमारल त्याच्या मागे उभी होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगू. विजेमुळे."

"नाही."

"इलशात, त्यांना सहन होणार नाही..."

तो उठून खिडकीशी गेला आणि म्हाताऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आगा, मी पुसलं. घड्याळ बघायला हवं होतं. सुरू करायच्या आधी यादीची एक प्रत बाजूला ठेवायला हवी होती. मी दोन्ही केलं नाही."

यंत्र गुरगुरत होतं. तोलेगेन आगांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे. मग डोळे मिटले.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

दारात उभ्या अकमारलचा चेहरा कानांपर्यंत तापला. म्हाताऱ्याने डोळे न उघडताच मान हलवली, कळल्यासारखी.

"घरी जा," ते म्हणाले.

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. आणि तिथे, बर्फात, तिने त्याला जे नको ते सगळं ऐकवलं. तू आला नसतास तर मी गाठोडं उचलून नेत होते, काही बिघडलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा महिना नाहीये, कळतंय का तुला? पुन्हा येऊ नकोस. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सिलिंडरचा वॉशर गळतोय. बदलून घे." आणि उतारावरून निघून गेला.

दोन दिवसांनी तोलेगेन आगांनीच विचारलं, "तो पोरगा कुठेय?"

"मी येऊ नको म्हणून सांगितलं."

"तू कोण सांगणारी? माझी बोटं आता चालत नाहीत. ज्याने पुसलं त्याने लिहायला बसावं. बोलाव त्याला."

*

इलशातने शाळेतून रजा घेतली. वरच राहायला लागला, स्वयंपाकघरात बाकावर झोपायचा. नवी बॅटरी बसवली, रोज यादीच्या दोन प्रती वेगळ्या ठेवायचा, आणि कामाला बसण्याआधी घड्याळ मोठ्याने वाचून दाखवायचा. म्हातारा त्यावर "छान, आज आजच आहे," असं म्हणायचा.

तो फळीवरून दगड काढून म्हाताऱ्याच्या हातात द्यायचा. म्हातारा तो फिरवायचा, नखाने खरवडायचा, उजेडात धरायचा. मग बोलायचा. एक-दोन शब्द, श्वास, पुन्हा एक-दोन शब्द. "उलितावच्या दक्षिणेला... ओढ्याच्या डाव्या काठाला... मुरात सोबत होता. लिही." कधी दगड हातात तसाच राहायचा.

"आठवत नाही."

"बल्खाशच्या बाजूचा असेल का, आगा? याच्या शेजारचे तिकडचेच आहेत."

"अंदाज लिहू नकोस. खोटी जागा लिहिण्यापेक्षा रिकामी ठेव."

एकदा तशा तीन दगडांनंतर म्हाताऱ्याने चौथा जमिनीवर आपटला. तो फुटलाही नाही. मग ते बराच वेळ तोंडावर हात धरून बसले, आणि इलशात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. महिनाभरापूर्वी त्यांना हे आठवत होतं. त्यांनी ते लिहिलंही होतं.

अकमारलला आता खाली फ्लॅटवर थांबावं लागायचं. दुकान होतं, आणि तिथले दगड कापसात गुंडाळून पेट्यांत भरायचे होते. ती आणि इलशात कामापुरतं बोलायचे. औषध दिलं? दिलं. खाल्लं? दोन घास. त्याने एकच नियम घालून दिला होता, की वर लिहिणं चालू असताना तिने खाली काही लिहायचं नाही, फक्त बघायचं. ती बघायची. यादी बंद करून पुन्हा उघडली की वर बोललेल्या ओळी खाली आलेल्या असायच्या. वडिलांचा आवाज नसायचा, पण शब्द त्यांचेच. "मुरात सोबत होता." "इथे पाणी गोड." एक ओळ आली की ती एक दगड गुंडाळायची. तेवढ्याने तिला वर असल्यासारखं वाटायचं.

मार्चमध्ये, नौरुझच्या नववर्षाला आठवडा उरला असताना, डोंगरात दरड कोसळली आणि बस बंद झाली. दुपारची वेळ. ती पेट्या बांधत होती, पडद्यावर यादी उघडी होती. एक ओळ आली. अकीक, मंगीस्ताउ, समुद्राकडचा कडा. तिने यादी बंद केली, उघडली. दुसरी आली. आकडा, पुढे 'गारगोटी', आणि जागेच्या रकान्यात काही नाही.

असेल, तिला वाटलं. आठवत असतील.

तिने पेटीला दोरी बांधली. यादी बंद केली, उघडली. रकाना रिकामाच. चहा टाकला. पुन्हा उघडली. मग ती नुसती पडद्यासमोर बसून राहिली, बंद करायची, उघडायची... बंद करायची, उघडायची. वर कुणी काही लिहीत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तिने तो उचलून नुसता कानाला लावला.

"अकमारल," इलशात म्हणाला. त्याच्या मागे यंत्राची गुरगुर नव्हती.

दरडीपर्यंत ती एका दूधवाल्याच्या गाडीतून गेली. पुढचं अंतर चालत. इलशात अर्ध्या वाटेवर समोर आला, कोट न घालता. त्याने तिला धरलं नाही. ती चालत राहिली, तो शेजारून चालत राहिला.

*

संग्रहालयाची गाडी एप्रिलमध्ये आली. चष्मा घातलेल्या एका सभ्य माणसाने यादी तपासली, जागा असलेले दगड नेले, आणि उरलेल्यांसाठी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. भिंतीवरच्या फळ्यांना मध्ये मध्ये दात पडल्यासारखी भोकं पडली. उरलेले दगड तिथेच राहिले.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण वरच्याच घरात झालं. नातलग आले, मुल्लाने कुराण म्हटलं, तेलात तळलेल्या शेल्पेक पोळ्यांचा वास घरभर भरला. संध्याकाळी माणसं पांगायला लागली तेव्हा अंगणातल्या नळाशी वाडग्यांचा डोंगर साचला होता, आणि बाह्या वर करून इलशात तो घासत होता. पाणी बर्फाचंच होतं. अकमारल फडकं घेऊन त्याच्याशेजारी बसली. त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच एकटी होती.

"शेवटी काय म्हणाले?" तिने विचारलं. इतके दिवस तिने हे विचारलं नव्हतं.

तो घासायचा थांबला. "गारगोटी हातात होती. मी विचारलं, कुठली. म्हणाले, 'थांब, आठवतंय'..." त्याने वाडगा पाण्यात बुडवला. "चेहरा हसरा होता. मी थांबलो. खरंच आठवतंय असं वाटलं मला."

तिने वाडगा पुसला. बराच वेळ तोच पुसत राहिली.

"मी तिथे असायला हवी होते. तू नाही."

"हो."

"प्रत्येक वेळी 'हो' म्हणू नकोस! भांड तरी माझ्याशी."

"कशावरून भांडू? खरं बोलतेस." त्याची बोटं पुन्हा निळी पडली होती. "अकमारल, मी शाळा बदलू शकतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जागा आहे. मग तुझ्या थांब्यावरून मला जावं लागणार नाही. तू सांगशील तसं. पण आधी एकदा सांगून टाकतो, मग गप्प बसेन... मला तू आवडतेस. बटाट्यांवर बसलो तेव्हापासून. त्या दिवशी शिडीखालीच बोलणार होतो. बोललो असतो तर कदाचित मग घड्याळाकडे लक्ष गेलं असतं. मी रोज हाच विचार करतो."

ती त्याच्याकडे वळली.

"ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही, मला माहीत नाही. आतल्या फळ्या दिसल्या की तुझा राग येतो, माझा त्याहून जास्त. आणि तू दुसऱ्या टोकाला गेलास तर..." तिने हातातलं फडकं पिळलं. "तर मला जगता यायचं नाही, गाढवा. दोन्ही खरं आहे. चालेल तुला?"

तो काही बोलणार तोच मागून चपलांचा आवाज आला. आणखी वाडगी घेऊन अकमारलची आत्या येत होती. बिबीगुल आपा थेट अक्टोबेहून आली होती आणि सकाळपासून तिचे डोळे या मुलावर होते.

"जनाज्यालाही बघितला, आजही बघतेय," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पुरुषासारखा पुरुष आणि भांडी घासतोय! कोण गं हा? शेजारी?"

इलशात उठायला लागला. अकमारलने त्याची ओली बाही धरून त्याला खाली बसवलं.

"माझा माणूस आहे, आपा," ती म्हणाली. "ठेवा ती वाडगी इथे. आम्ही दोघं मिळून घासतो."